मुठीवर कोरलेला नंबर

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, वेस्टचेस्टर कौंटीत, बेडफर्ड हिल्स नावाचे गाव आहे. १९१३ साली तिथे मॉयका न्यूएल या धनिक बाईंच्या नव्या घराचे बांधकाम चालू होते. कामावरचा मुकादम होता सॅम हॉवेल. मजुरांच्या पगाराची रक्कम घेऊन येताना चौघांनी त्याला वाटेत गाठले आणि पैसे मागितले. त्याने दिले नाहीत. त्याला सात गोळ्या लागल्या. प्राण जाण्याआधी हल्लेखोरांपैकी दोघे कोण, हे त्याने स्पष्ट सांगितले. एवढे होऊनही कोणी पकडले गेले नाही.

पकडायला कोणी नव्हतेच. त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांना स्वतःचे पोलीस दल असे. खेड्यापाड्यांचा भार निवडून आलेल्या शेरीफवर आणि गावच्या कॉन्स्टेबलांवर. कॉन्स्टेबल गावातलाच, बहुधा आपला धंदा सांभाळून हे काम करणारा. रानात शिरून शस्त्रधारी टोळीचा माग काढायला त्याच्यापाशी ना शिक्षण, ना घोडा, ना हुकूम. हॉवेलचे मारेकरी कौंटीबाहेर निसटले आणि प्रकरण तिथेच थांबले.

जुनी पोलिसी रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांची अमेरिकेत मोठी जमात आहे. त्यांच्यात ‘एन. वाय. एस. टी.’ अशी अक्षरे आणि पुढे आकडा कोरलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला फार मान. न्यूयॉर्क स्टेट ट्रूपर्स, म्हणजे न्यूयॉर्क राज्याचे पोलीस, यांना सरकारातून मिळालेले ते शस्त्र. त्या अक्षरांची गोष्ट हॉवेलच्या खुनापासून सुरू होते, आणि तिच्यात लवकरच एक नाव येते जे मराठी वाचकाला अनोळखी नाही.

मॉयका न्यूएलबरोबर राहणारी तिची मैत्रीण लेखिका होती: कॅथरिन मेयो. हीच ती ‘मदर इंडिया’वाली मिस मेयो. १९२७ साली तिने हिंदुस्थानवर लिहिलेल्या त्या पुस्तकाने देशभर संतापाची लाट उसळली. गांधीजींनी त्याची संभावना गटार तपासनिसाचा अहवाल अशी केली, आणि लाला लजपतराय यांनी उत्तरादाखल अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या दहा वर्षे आधी याच बाईने सगळी लेखणी एका पोलीस दलाच्या बाजूने झिजवली होती. हॉवेलच्या मृत्यूनंतर ती शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गेली, तिथल्या राज्य पोलिसांची माहिती गोळा केली आणि १९१७ साली ‘जस्टिस टू ऑल’ हे पुस्तक छापले. प्रस्तावना थिओडोर रूझवेल्ट यांची. न्यूयॉर्कलाही असेच दल हवे, हा तिचा एकच धोशा.

पेनसिल्व्हेनियाचे दल १९०५ चे. त्याच्या मुळाशी १९०२ चा कोळसा खाणींतला संप होता. दीड लाखाच्या आसपास खाणकामगार मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत कामावर गेले नाहीत. हिवाळा तोंडावर आला आणि शहरांत कोळसा मिळेना, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांना मध्ये पडावे लागले. तोवर खाणमालक ‘कोल अँड आयर्न पोलीस’ नावाचे स्वतःचे भाडोत्री पोलीस बाळगत. पगार मालकाचा आणि अधिकारपत्र राज्याचे, असा तो प्रकार. त्यापेक्षा राज्यालाच उत्तर देणारे दल बरे, या विचाराने गव्हर्नर सॅम्युएल पेनीपॅकर यांनी कायद्यावर सही केली. पहिले प्रमुख जॉन ग्रूम यांनी आयर्लंडला जाऊन रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीची रचना पाहिली आणि तिच्या धर्तीवर घोडेस्वार तुकड्या उभ्या केल्या.

इथे जरा थांबावेसे वाटते, कारण हा आयरिश साचा आपल्याही अंगणात येऊन गेला आहे. १८४३ साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथले पोलीस दल याच नमुन्यावर बांधले, आणि दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, मुंबई इलाख्याच्या जिल्हा पोलिसांची फेररचना सिंधच्या धड्यावरून झाली. जिल्ह्याला एक सुपरिंटेंडेंट ही आपल्या ओळखीची व्यवस्था तिथून आली. पुण्या-साताऱ्याचा जिल्हा पोलीस आणि पेनसिल्व्हेनियाचा ट्रूपर एकाच आजोबांची नातवंडे आहेत. जिंकलेल्या, नाराज प्रजेवर नजर ठेवणारे दल हा त्या आजोबांचा पिंड होता. खाणकामगारांनी तो बरोबर ओळखला. त्यांनी या घोडेस्वारांना ‘कोसॅक’ म्हटले, झारच्या स्वारांसारखे. जेम्स मॉरर या समाजवादी आमदाराने राज्यभर या दलाविरुद्ध रान उठवले. मेयोच्या पुस्तकात ट्रूपर म्हणजे गरिबांचा कैवारी; कामगारांच्या सभांमध्ये तो मालकांचा लाठीबहाद्दर. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय या शस्त्रांकडे पाहू नये, असे मला वाटते.

न्यूयॉर्कमध्येही कामगार संघटनांनी विरोध केला. तरी ११ एप्रिल १९१७ रोजी गव्हर्नर चार्ल्स व्हिटमन यांची सही झाली. पाचच दिवस आधी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. प्रमुखपदी नेमले गेले जॉर्ज फ्लेचर चँडलर, किंग्स्टन गावचे शल्यचिकित्सक आणि नॅशनल गार्डमधले मेजर. डॉक्टर माणूस पोलीस दल उभारतो हे ऐकायला विचित्र वाटते, पण चँडलर यांनी सहा वर्षांत जे केले ते पाहता ही निवड अचूक होती. सिराक्यूजजवळ मॅन्लियस इथे पहिली छावणी पडली. तिला नाव दिले कॅम्प न्यूएयो: न्यूएलमधले ‘न्यू’ आणि मेयोमधले ‘एयो’. २३२ जणांना तिथे घोडेस्वारी, कायदा, प्रथमोपचार आणि नेमबाजी शिकवण्यात आली. ए, डी, जी आणि के अशा चार तुकड्या झाल्या. करडा गणवेश, जांभळा टाय. पहिला जाहीर बंदोबस्त त्याच वर्षीच्या सिराक्यूजच्या राज्य जत्रेत लागला.

आता चँडलर यांच्या त्या निर्णयाकडे येऊ, ज्याने रिव्हॉल्व्हरला आजची जागा मिळवून दिली. तोवर अमेरिकन शहरी पोलीस शस्त्र लांब कोटाच्या आत दडवून ठेवत. चँडलर म्हणाले, शस्त्र कोटावर, पट्ट्याला, दिसेल असे लावा. असा आग्रह धरणाऱ्या पहिल्या पोलीसप्रमुखांत त्यांची गणना होते. यामागे व्यवहार होता: घोड्यावर बसलेल्या माणसाला कोटाची बटणे सोडून शस्त्र काढता येत नाही. पण परिणाम व्यवहारापलीकडे गेला. आज जगभर पोलीस म्हटले की कमरेचे शस्त्र डोळ्यांपुढे येते. उघड दिसणारे शस्त्र लोकांना धाक घालते हे खरे. त्याचबरोबर समोरच्या माणसाकडे शस्त्र आहे हे लोकांना आधी कळते, आणि दडवलेल्या शस्त्रापेक्षा ते मला अधिक प्रामाणिक वाटते.

ते शस्त्र होते कोल्ट कंपनीचे ‘न्यू सर्व्हिस’, पॉइंट ४५ बोअरचे. १८९८ साली बाजारात आलेले हे रिव्हॉल्व्हर अंगापिंडाने दांडगे. रिकामे असतानाच एक किलोहून अधिक वजनाचे, आणि मूठ एवढी मोठी की लहान हाताच्या माणसाचे बोट चापापर्यंत पोचताना ताणले जाते. सहा काडतुसांचे सिलिंडर डाव्या बाजूला बाहेर उघडते. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी हेच रिव्हॉल्व्हर आधी पसंत केले होते. घोड्यावरच्या माणसाला, थंडीपावसात, कमी देखभालीत चालणारे असे काही हवे असेल तर याहून चांगले त्या वेळी फारसे काही नव्हते.

असे एखादे रिव्हॉल्व्हर हातात आले की जाणकार संग्राहक त्याचे सौंदर्य नंतर पाहतो, आधी त्याची झीज वाचतो. नळीच्या टोकाला, होल्स्टरच्या चामड्याला घासून घासून, निळसर काळी झळाळी गेलेली असते आणि खालचे पोलाद राखाडी दिसते. सिलिंडरच्या कडांवरही तसेच. सिलिंडरभोवती एक बारीक गोल रेघ उमटलेली असते. चाप ओढताना सिलिंडर फिरते आणि त्याला जागेवर धरणारा खटका घासत जातो, त्याची ती खूण. मुठीच्या काळ्या कडक रबरावरची नक्षी तळव्याच्या बाजूने गुळगुळीत झालेली. मग तो नळीतून उजेडाकडे पाहतो, तर आतले आटे जवळजवळ नव्यासारखे लखलखीत. बाहेरून थकलेले, आतून तरुण. हे पोलिसी शस्त्राचे सर्वांत विश्वासू लक्षण आहे: बाळगले खूप, झाडले थोडे. वीस वर्षे कमरेला राहिलेले शस्त्र सरावाच्या मैदानाबाहेर एकदाही वाजले नाही, असे बहुसंख्य ट्रूपरांच्या बाबतीत घडले. मला ही गोष्ट या छंदातली सर्वांत मोलाची वाटते.

शेवटी मुठीवरची अक्षरे आणि आकडा. कारखान्याचा अनुक्रमांक वेगळा. तो सिलिंडर उघडल्यावर सांगाड्यावर सापडतो. मुठीवरचा नंबर दलाचा. शस्त्र सरकारी मालकीचे आहे आणि कोणाच्या ताब्यात दिले याचे उत्तर कुठल्या तरी नोंदवहीत आहे, असे तो सांगतो. एखाद्याने निवृत्त होताना जमा केले की तेच दुसऱ्याच्या कमरेला गेले. म्हणून अशा एका रिव्हॉल्व्हरमागे एकच माणूस शोधणे बहुतेक वेळा चुकीचे असते. त्याच्यामागे नोकरीची एक साखळी असते.

पुढची चाळीस वर्षे इथे भरभर ओलांडतो, कारण त्यांतला बराच काळ रस्त्यांचा, मोटारींचा आणि दारूबंदीतल्या चोरट्या दारूचा आहे, आणि ती गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. घोडे गेले, मोटारसायकली आणि गाड्या आल्या. एक प्रसंग मात्र सोडवत नाही. १४ नोव्हेंबर १९५७ रोजी अ‍ॅपलेकिन या आडगावात एका बंगल्यापाशी परराज्यांतल्या आलिशान गाड्यांची गर्दी झाली. सार्जंट एडगर क्रॉसवेल यांनी आदल्या दिवसापासून तिथे लक्ष ठेवले होते. त्यांनी गाड्यांचे नंबर टिपायला सुरुवात केली, रस्त्यावर नाकेबंदी लावली, आणि आतली बडी मंडळी भारी कोट-बुटांनिशी रानात पळाली. देशभरातल्या माफियांची ती बैठक होती. अमेरिकेत संघटित गुन्हेगारी अशी काही चीजच नाही, हा सरकारी पवित्रा त्या दिवशी कोसळला. कमरेला रिव्हॉल्व्हर होते. काम केले वहीने आणि पेन्सिलीने.

आणि मग अ‍ॅटिका. न्यूयॉर्कच्या ट्रूपरांची शस्त्रे जमवणाऱ्या कोणालाही हे नाव टाळता येणार नाही, टाळू नये. ९ सप्टेंबर १९७१ रोजी अ‍ॅटिका तुरुंगातल्या कैद्यांनी बंड केले आणि कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. मागण्या चांगली वागणूक, अन्न, औषधोपचार अशा होत्या. चार दिवस बोलणी चालली. १३ तारखेच्या सकाळी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या संमतीने हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडण्यात आला आणि राज्य पोलिसांनी, तुरुंगाच्या काही रक्षकांसह, भिंतींवरून आणि आवारातून गोळीबार केला. काही मिनिटांत ३९ माणसे मेली किंवा प्राणघातक जखमी झाली: २९ कैदी आणि १० ओलीस. कैद्यांपाशी बंदुका नव्हत्या. ओलिसांचे गळे कैद्यांनी कापले, असे अधिकाऱ्यांनी आधी सांगितले. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकारी जॉन एडलंड यांनी शवविच्छेदनानंतर जाहीर केले की सगळे ओलीस गोळ्यांनी मेले आहेत. म्हणजे सोडवायला आलेल्यांच्याच गोळ्यांनी.

त्या दिवशी मुख्यतः रायफली आणि शॉटगन चालल्या. कोणती रायफल कोणाच्या हाती दिली, याची धड नोंदच ठेवली गेली नव्हती. अनेकांनी नावाच्या पट्ट्याही काढून ठेवल्या होत्या. नंतर चौकशा झाल्या, आयोग बसला, ग्रँड ज्यूरी बसली. कोणती गोळी कोणी झाडली हे शोधताना तपास करणारे पुन्हा पुन्हा याच भिंतीवर आदळले. एकाही ट्रूपरला शिक्षा झाली नाही. १९१७ साली ज्या दलाने साध्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर नंबर कोरून घेतला, त्याच दलाने ऐन मोक्याला नंबर लिहिला नाही. मुठीवरच्या त्या आकड्याचे मोल काय, हे समजायला मला अ‍ॅटिकाचा इतिहास वाचावा लागला.

रिव्हॉल्व्हरचे युग त्यानंतर दोन दशकेच टिकले. अमेरिकन पोलिसांत रूढ असलेले पॉइंट ३८ चे काडतूस मोटारीच्या पत्र्यापुढे दुबळे पडते, ही तक्रार १९३० पासूनची. त्यावर उपाय म्हणून स्मिथ अँड वेसनने १९३५ साली पॉइंट ३५७ मॅग्नम आणले. काडतुसाची लांबी मुद्दाम तीनेक मिलिमीटर वाढवली, जेणेकरून हे जोरदार काडतूस जुन्या ३८ च्या सिलिंडरात बसूच नये. उलट ३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ३८ चे काडतूस खुशाल चालते. सरावासाठी स्वस्त ३८ आणि गस्तीवर ३५७, अशी सोय झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी स्मिथ अँड वेसनकडून त्यांचे नेहमीचे, सर्वपरिचित ३८ चे ‘मॉडेल १०’ खास ३५७ मध्ये बनवून घेतले. ती कल्पना कंपनीला इतकी पटली की १९७४ साली तेच ‘मॉडेल १३’ या नावाने सर्वांसाठी बाजारात आले. राज्याच्या मागणीवरून बनलेली ती पहिली खेप संग्राहक आज डोळ्यांत तेल घालून शोधतात, कारण वरवर पाहता ती सामान्य मॉडेल १० सारखीच दिसते.

तोवर वारे फिरले होते. इलिनॉय राज्य पोलिसांनी १९६७ मध्येच नऊ मिलिमीटरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल घेतले होते. १९७० साली कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे एका रात्री हायवे पेट्रोलचे चार जवान मारले गेले आणि सहा गोळ्यांनंतर रिव्हॉल्व्हर भरायला लागणारा वेळ हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट गेल्यावर उरलीसुरली चर्चाही संपली. १९९० च्या आगेमागे न्यूयॉर्कच्या ट्रूपरांच्या कमरेला ग्लॉक पिस्तूल आले. सहाच्या जागी सतरा गोळ्या.

दल शस्त्रे बदलते तेव्हा जुनी शस्त्रे बहुधा विक्रेत्याला देऊन नव्यांच्या किमतीत वळती करते. अशा मार्गाने अमेरिकेतल्या अनेक दलांची रिव्हॉल्व्हर दुकानांत आणि लिलावांत आली. तिथल्या १९६८ च्या कायद्यानुसार पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे आणि संग्राहकाला त्यासाठी स्वतंत्र परवाना मिळतो. न्यूयॉर्क राज्यात तर १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून हँडगनला परवाना लागतोच. आपल्याकडे असा छंद जवळपास अशक्य आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. आपल्या परिस्थितीत मला ते योग्यच वाटते.

या बाजारात फसवणूकही आहे. साध्या न्यू सर्व्हिसवर चार अक्षरे ठोकली की किंमत वाढते, हे लबाडांना ठाऊक आहे. ताज्या ठशाच्या कडा वर उचललेल्या आणि चमकदार असतात, भोवतालची झीज त्या अक्षरांत उतरलेली नसते. खरी अक्षरे शस्त्राबरोबर म्हातारी झालेली दिसतात. दुसरा पुरावा म्हणजे कारखान्याचे पत्र. कोल्टच्या दफ्तरखान्यातून, शुल्क भरून, अनुक्रमांकावरून शस्त्र कधी, कोणाकडे, कोणत्या बोअरचे आणि किती नगांच्या खेपेत रवाना झाले याचा दाखला मिळतो. खेप थेट पोलिसांकडे गेली असेल तर सोन्याहून पिवळे. मधल्या व्यापाऱ्याचे नाव निघाले तर शोध पुढे चालू.

खोट्या ठशाहून मोठे नुकसान मात्र हौशी माणसे करतात. जुने रिव्हॉल्व्हर घेतात, घासून पुसून त्यावर नवे ब्लूइंग, म्हणजे ती निळसर काळी झळाळी, चढवतात, मूळच्या झिजलेल्या पट्ट्या काढून नव्या लाकडाची मूठ बसवतात. पॉलिशच्या चाकाखाली अक्षरांच्या कडा गोल होतात, आकडा पुसट होतो, होल्स्टरची खूण नाहीशी होते. वस्तू चकचकीत होते आणि मुकी होते. ज्याला चकचकीत हवे त्याने नवे घ्यावे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या हाती लिलावात, किंवा एखाद्या वृद्ध शेजाऱ्याच्या सामानात, असे नंबर कोरलेले रिव्हॉल्व्हर आले, तर एवढे करावे. आधी परवान्याचा कायदा नीट पाहावा. मग शस्त्राला हात न लावता त्याच्यासोबतचे सगळे कागद, फोटो, पट्टा, होल्स्टर एकत्र ठेवावे. कारखान्याचे पत्र मागवावे. आणि न्यूयॉर्कचे असेल तर त्या फाइलमध्ये सॅम हॉवेलच्या खुनाचे कात्रण जसे लावाल, तसेच अ‍ॅटिकाच्या ३९ मृतांच्या यादीचेही लावावे.